त्रिएस्तेचा बोरा वारा: लहान बाळ घेऊन जातोय, घर कुठे घ्यावं?

मृणाल_सातारा

नमस्कार. नोव्हेंबरमध्ये आम्ही दोन वर्षांसाठी इटलीत त्रिएस्तेला जातोय. अब्दुस सलाम यांनी १९६४ साली तिथे सुरू केलेल्या भौतिकशास्त्र केंद्रात नवऱ्याला संशोधनाचं काम मिळालंय. सोबत आमचा चौदा महिन्यांचा मुलगा. जानेवारीत तीन महिन्यांसाठी सासूबाई येणार आहेत. त्यांचं वय ६८, डाव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं.

प्रश्न वाऱ्याचा आहे. मी मूळची साताऱ्याची. चाळकेवाडीच्या पठारावर, पवनचक्क्यांच्या जवळ मामाचं घर आहे. आषाढात तिथे वाऱ्याच्या अंगाचं दार उघडायचं तर दोन माणसं लागतात, जेवण आतल्या खोलीत होतं, आणि माणसं बोलतात ती ओरडूनच. म्हणजे वारा मला नवा नाही. पण 'बोरा'चे व्हिडिओ बघितल्यापासून पोटात गोळा आलाय. माणसं दिव्याच्या खांबाला मिठी मारून उभी आहेत, स्कूटरींची अख्खी रांग आडवी झालीय, एक आजी रस्त्यात बसूनच राहिल्यात. हे वर्षातून एकदा घडतं, की हिवाळाभर चालूच असतं?

आमच्यापुढे दोन घरं आहेत. एक स्कॉर्कोला टेकडीवर, पाचवा मजला, मोठी गच्ची, समोर सगळा समुद्र. दुसरं जुन्या गावात कावाना भागात, दुसरा मजला, गल्ली अरुंद, ऊन कमी. भाडं जवळपास सारखंच. नवऱ्याला गच्चीचं घर आवडलंय, मलाही फोटो बघून आवडलं. शुक्रवारपर्यंत कळवायचंय. कुणी तिथे राहिलेलं असेल तर कृपया सांगा. बाबागाडी चालते का? सासूबाईंना बाहेर पडता येईल का?

सोनचाफा

मृणाल, मी २००९ ते २०१४ अशी पाच वर्षं त्रिएस्तेत काढली. माझी मुलगी तिथेच झाली, त्यामुळे बाळ आणि बोरा दोन्ही मला एकदमच सांभाळावे लागले. जरा लांबलचक लिहिते, शुक्रवारच्या आत वाच.

आधी घर. कावानाचं घे. टेकडीवरच्या गच्चीचा फोटो ज्या दिवशी काढलाय तो दिवस शांत होता. त्या गच्चीत नोव्हेंबर ते मार्च तुला कुंडी ठेवता येणार नाही, दोरी बांधता येणार नाही, आणि वारं सुटलं की पोराला तिथे पाऊल टाकू देता येणार नाही. आम्ही पहिलं वर्ष तसल्याच घरात काढलं. बोराच्या रात्री खिडकीच्या फटीतून शीळ सुरू व्हायची, ती कधी वर चढायची, कधी खाली यायची, आणि बाहेरच्या लाकडी झडपा भिंतीवर आपटत राहायच्या. स्वयंपाकघराच्या धुराड्यातून वारा उलटा आत यायचा आणि बॉयलरची ज्योत विझायची. पहाटे तीनला उठून गार पाण्यात बाटल्या धुतल्यात मी. दुसऱ्या वर्षी आतल्या गल्लीत आलो. तिथेही वारं ऐकू येतं, पण ते छपरांवरून जातं. ऊन कमी मिळतं हे खरं. बाळाला ऊन द्यायला खाली चौकात जायचं.

दुसरं म्हणजे, अंदाजात वाऱ्याचा वेग बघून घाबरू नकोस आणि निर्धास्तही होऊ नकोस. झोत किती ते बघ. तिथले लोक झोतांना 'रेफोली' म्हणतात. सरासरी ताशी ५० किलोमीटर लिहिलेलं असतं आणि झोत १०० चे येतात. सगळी मेख त्यात आहे. चाळकेवाडीचा वारा मी खाल्लाय, तो एकसारखा ढकलत राहतो, अंगाला त्याची सवय होते. बोराची सवय होत नाही.

माझ्या पहिल्याच डिसेंबरात कार्दुच्ची रस्त्यावर मी पडले. वाऱ्यात घुसायचं म्हणून सगळं अंग पुढे टाकून चालत होते, अक्षरशः वाऱ्यावर रेलले होते. आणि वारा थांबला. कुणी दार लावून घ्यावं तसा, एका क्षणात. मी पालथी पडले. दोन्ही तळहात सोलवटले, उजवा गुडघा फुटला, आणि उठायच्या आत पुढचा झोत पाठीवर आला. तिथे जी माणसं पडतात त्यातली बरीचशी अशी पडतात. वारा लोटतो म्हणून नाही, अचानक सोडतो म्हणून.

त्यानंतर आमच्या घरमालकीणबाईंनी मला चालायला शिकवलं. तेव्हा त्या ७४ वर्षांच्या होत्या. माझा दंड कोपराच्या वर घट्ट धरायच्या आणि कोपरा आला की भिंतीशी थांबवायच्या. "अस्पेत्ता, अस्पेत्ता." थांब, थांब. मग आम्ही दोघी कान देऊन उभ्या राहायचो. झोत येण्याआधी ऐकू येतो. आधी रस्त्याच्या वरच्या टोकाच्या झडपा खडखडतात, मग जवळच्या, मग धूळ आणि कागदाचे कपटे घरंगळत येतात, आणि त्यांच्यामागून तो. तो अंगावरून गेला की त्या माझा हात ओढायच्या आणि आम्ही झपाझप कोपरा ओलांडायचो. पावलं छोटी, गुडघे थोडे वाकलेले. छपराच्या कडेखालून जायचं नाही, कौलं आणि कुंड्या पडतात. उभ्या केलेल्या स्कूटरींच्या वाऱ्याआडच्या बाजूने जायचं नाही, कारण एक पडली की सगळी रांग त्याच बाजूला येते. छत्री घरीच. बोरा होऊन गेल्यावर सकाळी कचऱ्याच्या डब्यातून छत्र्यांच्या काड्या वर आलेल्या दिसतील तुला.

पूर्वी तिथे कोपऱ्यांवर आणि चढाच्या रस्त्यांवर माणसांना धरायला दोर आणि साखळ्या बांधत. जुन्या फोटोंत बायका एका हाताने दोर आणि दुसऱ्या हाताने झगा धरून चाललेल्या दिसतात. आता काही चढांवर लोखंडी कठडे आहेत. सासूबाईंना घेऊन जाशील तेव्हा तसेच रस्ते निवड.

बाबागाडी चालते, पण बोराच्या दिवशी नाही. तिचं छत म्हणजे शीड होतं. मी त्या दिवसांत गाडी दाराबाहेर काढलीच नाही. बाळाला पोटाशी बांधायचं आणि वरून माझाच मोठा कोट. टोप्या आम्ही महागाच्या घेतल्या आणि दोन उडून गेल्या. शेवटी कामाला आली ती आईने शिवून पाठवलेली कुंची. हनुवटीखाली बांधलेली, मानेवर झालर आलेली. बसमध्ये बायका हात लावून बघायच्या आणि कुठे मिळते म्हणून विचारायच्या.

किती दिवस असते? हलका असला तर त्याला 'बोरीनो' म्हणतात, तो हिवाळ्यात येऊन जाऊन असतोच आणि त्यात सगळे व्यवहार चालतात. खरी बोरा सुटली की आमच्या मालकीणबाई तीन दिवस धरायच्या, चौथ्या दिवशी संपली नाही तर पाच. (तिथे ती 'ती' आहे, वारा असला तरी. मलाही तीच सवय लागली.) ताशी १०० च्या वरचे झोत हिवाळ्यात काही वेळा येतात, १५० च्या वरचे फार क्वचित. पण मी २०१२ चा फेब्रुवारी पाहिलाय. जवळजवळ दोन आठवडे ती थांबली नाही. समुद्राचं पाणी उडून मोलो आउदाचेवर गोठत गेलं. हा गावाच्या मधोमध समुद्रात गेलेला सुमारे अडीचशे मीटरचा दगडी धक्का, टोकाला वाऱ्यांच्या दिशा दाखवणारं कांस्याचं चक्र. एरवी संध्याकाळी सगळं गाव तिथे फिरायला जातं. त्या दिवसांत दगड दिसत नव्हता, दिव्याच्या खांबांना आडव्या वाढलेल्या बर्फाच्या दाढ्या होत्या. सगळ्या एकाच दिशेला, समुद्राकडे. माझी लेक तेव्हा दहा महिन्यांची. नऊ दिवस ती बाहेर गेली नाही. मी दिवसातून एकदा दूध आणि भाजी आणायला जायचे, मालकीणबाईंची यादीही घेऊन.

एवढं सगळं सांगितलं तरी मनापासून एक सांगते. बोरा गेल्यानंतरची पहिली सकाळ चुकवू नकोस. हवा इतकी धुतलेली असते की आखाताच्या पलीकडे आल्प्सच्या बर्फाच्या रांगा दिसतात, एकेक शिखर वेगळं. मी आजही पुण्यात धुक्याची सकाळ असली की ती आठवते.

हवापाणी

सोनचाफाताई, फार नेमकं लिहिलंत. मी पुण्यात हवामानशास्त्र शिकलो, बोरा माझ्या अभ्यासात होती. ती अशी का वागते ते थोडक्यात सांगतो. मृणालताई, चाळकेवाडी माहीत असल्यामुळे तुम्हाला सोपं जाईल.

त्रिएस्ते म्हणजे घाटाखालचं कोकण समजा, पण फार दाबून छोटं केलेलं. गावाच्या पाठीला लागूनच कार्स्टचं चुनखडीचं पठार तीनशे-साडेतीनशे मीटर उभं राहतं. (जगभर चुनखडीच्या प्रदेशाला 'कार्स्ट' म्हणतात तो शब्द इथलाच.) त्या घाटमाथ्यामागे स्लोव्हेनिया, आणि त्याच्याही मागे हंगेरीची सपाट मैदानं. हिवाळ्यात त्या बाजूला थंड, जड हवा साचते. समुद्राकडे हवा उबदार आणि हलकी, अनेकदा कमी दाबाचं क्षेत्रही असतं. मधे दिनारिक डोंगरांची भिंत. थंड हवा तिच्यामागे धरणाच्या पाण्यासारखी तुंबते.

त्या भिंतीत एक खाच आहे, पोस्तोइनाची खिंड, सुमारे ६०० मीटर उंचीची. आल्प्स संपतात आणि दिनारिक सुरू होतात तिथली ही सगळ्यांत सखल जागा. पालघाटची खिंड आठवा. निलगिरी आणि अनामलाईच्या मधल्या त्या खाचेतून पश्चिमेचा वारा घुसतो आणि पलीकडे कोइमतूरच्या बाजूला पवनचक्क्या फिरवतो. तसंच इथे उलट्या दिशेने घडतं. त्रिएस्ते नेमकं त्या खिंडीच्या समोर आहे. खाली क्रोएशियात सेन्य गाव आहे, तेही असंच व्रात्निकच्या सुमारे ७०० मीटरच्या खिंडीखाली, आणि तिथली बुरा (बोराचंच तिकडचं नाव) त्रिएस्तेपेक्षाही भारी. त्या किनाऱ्यावर म्हणच आहे की बुरा सेन्यला जन्मते, रिएकात लग्न करते आणि त्रिएस्तेत मरते.

नुसती खिंड हे मात्र पूर्ण उत्तर नाही. पूर्वी समजूत होती की जड हवा उतारावरून घरंगळते, बस्स. १९८२ च्या वसंतात आल्प्स परिसरात मोठी आंतरराष्ट्रीय मोहीम झाली, त्यात विमानं थेट बोरात नेऊन मोजमापं केली. त्यातून दिसलं की थंड हवेचा थर डोंगर ओलांडताना सांडव्यावरच्या पाण्यासारखा वागतो. पावसाळ्यात धरणाच्या सांडव्याशी उभं राहून बघा. वर पाणी संथ आणि जाड असतं. उतारावर ते पातळ होतं आणि सुसाट सुटतं. पायथ्याशी पोहोचलं की एकदम उसळतं, फेसाळतं. हवेचंही तेच होतं. उताराच्या तळाशी, म्हणजे नेमका जिथे माणसांचा वावर आहे तिथे, वेग सगळ्यांत जास्त. आणि वर जिथे लाटा फुटतात तिथली खळबळ खाली झोत होऊन येते.

म्हणून ती एकसारखी नसते. सेन्यला बारकाईने नोंदी घेतल्या तेव्हा झोतांची एक लय सापडली, ३ ते ११ मिनिटांच्या आवर्तनाची. त्या आवर्तनाच्या आत पुन्हा सेकंदा-सेकंदाचे झटके. ताई पडल्या तो त्यातलाच एक खड्डा. शिवाय वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाने वाढतो. ५० चा झोत १०० चा झाला की ढकल दुप्पट नाही, चौपट होते.

एक शंका लोक हमखास विचारतात. हवा खाली उतरली की तापते, दर १०० मीटरला साधारण १ अंश. मग बोरा गार का? कारण ती मुळातच इतकी थंड असते की ५-६ अंश तापूनही किनाऱ्यावरच्या हवेपेक्षा गारच राहते. आल्प्सच्या उत्तरेला उतरणारा फॉन वारा किंवा कॅनडातला चिनूक गरम असतो, तो वेगळा. आणि शून्य अंशाला ताशी ६० किलोमीटरचं वारं असलं की उघड्या कातडीला उणे ९ च्या आसपास वाटतं. बाळाचे गाल आणि कान झाकण्यात म्हणूनच तडजोड नको.

दोन नावं ऐकू येतील. 'बोरा कियारा' म्हणजे उजळ, निरभ्र आकाशातली. 'बोरा स्कूरा' म्हणजे काळी, ढग-पाऊस-बर्फासकट येणारी. सासूबाईंना पहिलीत एखाद वेळ बाहेर नेता येईल, दुसरीत अजिबात नको, कारण फरशी ओली असते.

दर्यावर्दी

रत्नागिरीचा आहे, तेलवाहू जहाजांवर काम केलंय. त्रिएस्तेला कच्चं तेल उतरवून आम्ही आखातात नांगरावर उभे होतो. तिथून जर्मनी-ऑस्ट्रियाकडे तेलाची पाइपलाइन जाते, १९६७ पासूनची, म्हणून तिथे आमच्यासारख्यांची कायम ये-जा.

पश्चिमेचा मान्सून आपल्याला लाटांनी मारतो. बोरा लाटांनी मारत नाही, कारण ती जमिनीवरून येते आणि किनाऱ्याजवळ लाटेला वाढायला जागाच नसते. पाणी सपाट दिसतं, आणि त्या सपाट पाण्यावरून पांढरा धूर पळत असतो. तो धूर म्हणजे वाऱ्याने खरवडून काढलेलं पाणी. रात्री दोनला झोत ६० नॉटपर्यंत गेला, म्हणजे ताशी ११० किलोमीटर. रिकामं जहाज पाण्यावर उंच आलेलं, भिंतीसारखं. नांगराच्या साखळीवर ते डावीकडे जायचं, साखळी ताणली की थरथरायचं, मग उजवीकडे. पुढच्या डेकवर उभं राहून मी पायाच्या तळव्यांनी ती साखळी ऐकत होतो. नांगर घसरायला लागला की साखळीत गुरगुर येते, ती डेकमधून पायाला कळते. आणखी साखळी सोडली, इंजिन चालू ठेवलं, आणि सकाळपर्यंत कुणी झोपलं नाही.

जहाजं बंदरात आणणारे क्रोएशियन पायलट सांगतात, वेलेबितच्या डोंगरमाथ्यावर ढगाची पांढरी टोपी बसली की समजायचं, आली. समोरचं पाग बेट डोंगराच्या बाजूने बघा, गवताची काडी नाही, नुसता पांढरा दगड. वारा मीठ उडवून आणतो आणि सगळं जाळतो. त्याच बेटाच्या दुसऱ्या अंगाला झाडं आहेत.

मृणालताई, जमिनीवर असाल तर एवढं करा. मोलोच्या टोकाला पोराला घेऊन बोरा बघायला जाऊ नका. लोक जातात. पण वारा किनाऱ्याकडून समुद्राकडे वाहतो, पाय सुटला तर तो तुम्हाला पाण्याकडे नेणार.

मृणाल_सातारा

सगळ्यांचे मनापासून आभार. आज सकाळी नवऱ्याला बसवून सगळं वाचून दाखवलं. कावानाच्या घराला होकार कळवला. सांडव्याचं उदाहरण तर त्याला इतकं पटलं की कण्हेर धरणाचे जुने फोटो काढून बघत बसला.

ताई, आणखी दोन गोष्टी. सासूबाईंचं तिकीट अजून काढलेलं नाही, जानेवारी बदलावा का? आणि हवा इतकी कोरडी असते म्हणतात, बाळाच्या त्वचेचं काय करत होतात? त्याला आत्ताच थंडीत ओठ फुटायचा त्रास आहे.

सोनचाफा

बदलच. मार्चच्या शेवटी आणा. बोरा उन्हाळ्यातही एखादा दिवस येते, पण जोर हिवाळ्याचाच. एप्रिल ते जून त्या तिथे रमतील. मिरामारेच्या बागेत बाकं आहेत, समुद्र जवळ आहे, आणि बसने थेट जाता येतं. मोलोवर संध्याकाळी त्यांच्या वयाच्या बायका चालायला येतात, भाषा नसली तरी सोबत होते. बेल्पोज्जो रस्त्यावर बोराचं छोटंसं संग्रहालय आहे, तिथेही त्यांना ने. जगभरातले वारे बाटल्यांत भरून फळीवर मांडलेले आहेत, वेगवेगळ्या गावांहून लोकांनी पाठवलेले. माझ्या सासूबाई त्या फळीपुढे अर्धा तास उभ्या होत्या.

कोरडेपणा खराच. निवडून ठेवलेली कोथिंबीर एका दुपारीत चुरा व्हायची. कार्स्टवरचे शेतकरी याच वाऱ्यावर हॅमच्या तंगड्या महिनोन् महिने सुकवतात, यावरून समज. मी आंघोळीनंतर बाळाला ओल्या अंगावरच खोबरेल तेल लावायचे आणि बाहेर जाताना ओठांवर आणि गालांवर साजूक तुपाचं बोट. तेल तिथल्या थंडीत गोठतं, बाटली गरम पाण्यात धरावी लागते, म्हणून रुंद तोंडाचा डबा घेऊन जा. रात्री हीटरवर पाण्याचं भांडं ठेव.

कुंच्या दोन शिव, एक धुतली की दुसरी हवी. आतून फ्लॅनेल लाव, आणि बंद नेहमीपेक्षा चार बोटं लांब ठेव, म्हणजे एकदा मानेमागून फिरवून पुढे गाठ मारता येते.